हिरव्या पाण्यातलं स्वागत

मी रागीट आहे असं शाळेत, कॉलनीत आणि सासरी सगळेच म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी स्वभावानं शांत बाई आहे. माझ्या आजूबाजूची माणसं मला राग येईल असंच वागायचं ठरवून घराबाहेर पडतात, त्याला मी काय करणार? जे घडलं ते मी मीठमसाला न लावता सांगते. वाचा आणि तुम्हीच न्याय करा. एवढंच ध्यानात ठेवा, की या सगळ्या प्रकरणात शहाणपणानं वागलेली एकच जात होती, आणि तिला मेंदू नसतो.

मी विज्ञान शिकवते. शाळा शेणव्याच्या पुढे आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथूनच निवृत्त व्हायचंय. नवरा, जीवन, धरणावर नोकरीला आहे, म्हणून आम्ही भातसानगरच्या कॉलनीत राहतो आणि मी रोज स्कूटीवरून ये-जा करते. आमच्या शाळेत एक मायक्रोस्कोप आहे. जुना, जड, तळाला गोल आरसा असलेला. खिडकीतला उजेड आरशावर घ्यायचा आणि वरून डोळा लावायचा, वीज लागत नाही. असा सुंदर मायक्रोस्कोप आमचे मुख्याध्यापक निमसे सर कपाटात कुलूप लावून ठेवतात. ‘मॅडम, वस्तू वापरली की खराब होते,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. सरांचं डोकं त्यामुळेच इतकं नवंकोरं राहिलेलं आहे.

डिसेंबरात वरून फतवा निघाला. ज्या शाळांत मायक्रोस्कोप वापरात नसेल, त्या शाळांतला उचलून तालुक्याच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत जमा करायचा. त्यासाठी एक साहेब स्वतः फिरणार. वापर दिसला तर मायक्रोस्कोप शाळेत राहील, नाही दिसला तर साहेबांच्या जीपमध्ये बसेल. निमसे सर म्हणाले, ‘जाऊ दे ना मॅडम, एक जबाबदारी कमी होईल.’

मी वर्गात गेले तर समोर सातवीची पोरं. त्यांनी आजवर पेशी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रात, आणि चित्रातली पेशी दिसते फोडलेल्या अंड्यासारखी. वर्गात रुपाली म्हणून एक मुलगी आहे. तिनं मला एकदा विचारलं होतं, ‘बाई, पेशी खरीच असते, का नुसती परीक्षेला येते?’ तिला दाखवायचं उत्तर आता जीपमध्ये बसून तालुक्याला जाणार होतं. मी उलट पावली ऑफिसात गेले आणि सरांकडून कपाटाची किल्ली घेतली. कशी घेतली ते विचारू नका. सर अजून आपल्या खुर्चीत बसताना आधी दाराकडे बघतात.

कपाटात काचपट्ट्यांचा एक डबा निघाला. एका पट्टीवर मुंगीचा पाय होता आणि पायावर बुरशी. दुसरीवर ‘कांद्याचा पापुद्रा’ अशी चिठ्ठी होती, पापुद्रा मात्र नव्हता. असला मेलेला माल दाखवून कुठला साहेब मायक्रोस्कोप ठेवून जाईल? मला काहीतरी जिवंत हवं होतं, हलणारं, पोरांनी बघून तोंडात बोट घालावं असं. म्हणून मी क्लॅमिडोमोनस दाखवायचं ठरवलं.

नाव ऐकून घाबरू नका. साचलेलं पाणी हिरवं होतं ना, त्या हिरवेपणात पुष्कळदा हाच असतो. एका पेशीचा जीव. स्वयंपाकघर, माजघर सगळं त्या एका पेशीत. पुढच्या टोकाला दोन केस असतात, त्यांना कशाभिका म्हणतात. पोरं ओढ्यात दोन्ही हातांनी पाणी मागं सारत पोहतात तसा तो या केसांनी पोहतो. कुशीला एक लालसर ठिपका असतो, तो त्याचा डोळा. त्या डोळ्याला चित्र दिसत नाही, उजेड कुठून येतो तेवढं कळतं. पोहताना तो स्वतःभोवती गिरक्या घेत जातो, त्यामुळे डोळा एकदा उजेडासमोर येतो, एकदा आड जातो. असं लुकलुकायला लागलं की त्यानं समजायचं, आपण आडवे चाललोय. मग तो वळतो. लुकलुक थांबली म्हणजे तोंड सरळ उजेडाच्या रेषेत आलं. उजेड सौम्य असेल तर तिकडे जातो, कारण त्यावर त्याला अन्न करायचं असतं. उजेड भगभगीत असला तर पाठ फिरवून लांब जातो. म्हणजे आपल्याला किती झेपेल हे त्या बिचाऱ्याला कळतं. आमच्या खात्यात हे कळणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तर मला हवं होतं तांब्याभर हिरवं पाणी. कॉलनीत प्रत्येक क्वार्टरच्या मागं पाण्याचे ड्रम आहेत. आमचा ड्रम मी दर आठवड्याला घासते, त्यामुळे तो कुचकामी. मी शेजारच्या रंगूमावशींकडे गेले आणि साध्या, गोड आवाजात विचारलं, ‘मावशी, तुमच्या ड्रमात थोडं हिरवं पाणी असेल का?’

मावशींच्या हातातलं सूप थांबलं. ‘काय बोल्लीस?’

‘हिरवं पाणी. शेवाळाचं. असलं तर द्या जरा.’

‘अगो सारिका, आमी काय घाणीत रहातो? ये, बघ माझा ड्रम. तुज्या जेवायच्या ताटापरीस साफ हाय!’

‘मावशी, तसं नाही. मला शेवाळ हवंच आहे.’

‘शेवाळ पायजे? अंगनात टाकून कोनाला पाडायचाय तुला? नवऱ्याशी भांडान झाला काय गो?’

मी शाळेचं, साहेबांचं, मायक्रोस्कोपचं सगळं सांगितलं. मावशींनी त्यातला ‘साहेब’ तेवढा उचलला. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, की वरून साहेब येणार आहे आणि त्याच्या वतीनं सारिका मॅडम ड्रम तपासत फिरतात. मग काय, ज्याच्या त्याच्या हातात काथ्या आणि ब्लिचिंग पावडर! कोपऱ्यातल्या क्वार्टरमध्ये एक ड्रम होता, त्याच्या हिरवेपणावर माझी कधीपासून नजर होती. मी पोचले तेव्हा घरमालक त्यात अर्धा शिरून घासत होते. ‘थांबा हो!’ मी ओरडले. त्यांनी मला पाहिलं आणि दुप्पट जोरानं घासायला लागले. एरवी पत्रकं वाटून, भोंगा फिरवून जी कॉलनी हलत नाही, ती मी एका प्रश्नात लख्ख करून दाखवली. मला मात्र त्या लख्ख कॉलनीत एक हिरवा थेंब मिळाला नाही, आणि वर मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

जीवन म्हणाला, ‘म्हसा गावची जत्रा चालू आहे. गुरांच्या पाण्याचे हौद असतात तिथं. ते कोण घासतंय?’ नवऱ्यानं कामाची गोष्ट सांगितल्याचा मला इतका आनंद झाला, की त्यालाही बरोबर घेतलं. ती चूक मला मुरबाडच्या पलीकडे गेल्यावर कळली.

हौद मात्र खरंच होता. गुरांच्या बाजाराच्या कडेला, सिमेंटचा, आणि आत पाणी असं हिरवंगार, की मला देवाचे आभार मानावेसे वाटले. मी वाकून बाटली भरू लागले. तेवढ्यात राघो नावाचा बैलांचा दलाल आला.

‘बाई, ता पानी बैलांचा हाय. पिऊ नका.’

‘प्यायला नाही. मला बघायचंय.’

‘पानी काय बघायचा? बैल बघा, बैल!’

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी लक्ष दिलं नाही म्हणून त्यानं आपला मोर्चा जीवनकडे वळवला. आता हे सांगायला हवं, की गुरांच्या बाजारात तोंडानं भाव बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, घेणाऱ्यानं टॉवेलाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघ्यांना पत्ता लागत नाही. आमचे हे शेतकऱ्याचे चिरंजीव. पण वडिलांनी ह्यांना शिकवून नोकरीला लावलं आणि बैलांचे व्यवहार स्वतःच केले. समोरच्यानं हात पुढे केला की तो हातात घ्यावा, एवढीच ह्यांची समज. राघोनं टॉवेलासकट हात पुढे केला. ह्यांनी तो घेतला आणि प्रेमानं दाबला. राघोचा चेहरा खुलला. त्यानं उलट दाबलं. ह्यांना वाटलं, काय मायाळू माणूस आहे! ह्यांनी आणखी जोरात दाबलं.

‘बैल तुमचा झाला!’ राघो ओरडला. शेजारच्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

‘कुठला बैल?’ जीवननं विचारलं.

मी बाटलीचं बूच लावून वळले तर माझा नवरा एका पांढऱ्या, शिंगाळ्या बैलाच्या शेजारी उभा होता आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच भाव होता. मग जे मी बोलायला सुरुवात केली, त्याला बाजारातली गर्दी जमली. राघो ऐकेना. ‘टावेलातला शब्द फिरत नाय, बाई. आजपर्यंत कोनी फिरवला नाय.’ शेवटी जाणत्या माणसांनी तोडगा काढला. जीवननं सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगायचं, की मी कुणब्याचा पोर असून मला बोटांचा भाव कळत नाही. म्हणजे सौदा झालाच नाही असं धरता येईल. त्यानं सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, ‘बापानं ऐकला असता तं जीव दिला असता.’ त्या लाजेपायी, निदान रिकाम्या हातानं जायला नको म्हणून, जीवननं शेजारच्या पालावर एक काळी घोंगडी घेतली.  परतीच्या वाटेवर मी बाटली मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि दोघांच्या वाटचं मीच बोलत होते.

पण पाणी अस्सल होतं! शाळेत नेऊन मी ते काचेच्या बरणीत घातलं, बरणीला काळा कागद गुंडाळला आणि खिडकीच्या बाजूला कागदाला छोटंसं भोक पाडलं. एक तास घेऊन परत आले, कागद सोडला, तर भोक होतं बरोबर तिथं काचेला आतून गोल हिरवा ठिपका चिकटलेला. बाकी पाणी फिकट. सगळे येऊन उजेडापाशी बसले होते. काचपट्टीवर थेंब घेऊन डोळा लावला तर हिरवे मणी इकडून तिकडे सुळकन जात होते, एखादा मध्येच थबकून वळत होता. माझा राग त्या वेळी पूर्ण गेला होता, हे मी प्रांजळपणे नोंदवते. तो परत आणायला निमसे सर मागेच उभे होते.

‘वा वा, मॅडम. म्हणजे भोक जसं, तसं हिरवं उमटतं?’

‘हो सर. उजेड जिथं, तिथं ते जातात.’

‘मग यात “माननीय साहेबांचे सहर्ष स्वागत” उमटेल का?’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, सर, हे जीव आहेत, फ्लेक्सवाले नाहीत. सर म्हणाले, साहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि शिक्षण यायला पाहिजे, नाहीतर ते नाराज होतात. दोन दिवस आमच्या वाटाघाटी चालल्या. मी नाव नाकारलं, हुद्दा नाकारला, ‘सहर्ष’ तर मुळीच नाकारलं. शेवटी ‘स्वागत’ एवढ्यावर मिटलं, कारण सरांनी धमकी दिली, की ते नसेल तर प्रयोगशाळा पाहुण्यांच्या चहापाण्याला देऊन टाकतो. शिवाय त्यांनी मायक्रोस्कोपला लाल फीत बांधली. साहेबांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत त्यात पोरांनी बघायचं नाही. ‘आधी पाहुणे, मग मुलं. पंगतीची रीत आहे ती.’ मी म्हटलं, पंगतीत आधी लहान मुलांना वाढतात. सर म्हणाले, तुमच्याकडे असेल.

राग गिळून मी कामाला लागले. शाळेतली जुनी माशांची काचपेटी घेतली, जराशा शेणाच्या पाण्यावर माझी हिरवी मंडळी वाढवली आणि घरी खिडकीत एका बरणीत थोडी राखीव ठेवली. काळ्या कागदात ‘स्वागत’ कापून काचेला लावलं. उमटलं हो! सुबक, हिरवं, जिवंत ‘स्वागत’. पोरं टाळ्या वाजवायला लागली. साहेबांचं स्वागत करण्याच्या लायकीचं ते मुळीच नव्हतं, त्याहून फार वरचं होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले तर काचपेटी पालथी घातलेली. स्वच्छ, कोरडी. भिंतीवर खडूनं बरोबरची खूण आणि तारीख.

आमच्या भागात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळतात. डास होऊ नयेत म्हणून घरातली पाण्याची सगळी भांडी उपडी करायची. एरवी हे भाषणापुरतंच असतं. पण साहेब येणार म्हटल्यावर पंचायतीला जोर चढला, आणि गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई अंजू गावभर भांडी ओतत शाळेत पोचली. ती व्हरांड्यात बसून पुढच्या घरांच्या खुणा लावत होती.

‘अंजू, काचपेटीतलं पाणी कुणी ओतलं?’

‘मी ओतला. हिरवा झालता पानी, मॅडम.’

‘वरती काळा कागद लावला होता! “हात लावू नये” असं लिहिलं होतं!’

‘म्हनूनच ओतला,’ अंजू म्हणाली. ‘लोका पानी झाकून ठेवतात आनि वर बोलतात हात लावू नको. लपवल्याला पानी आमी पैला ओततो. गेल्या साली आमच्या पाड्यावर डेंगी झाला तो असल्याच पान्यानं. माझी भाची त्यात गेली, मॅडम.’

माझा तोंडापर्यंत आलेला राग तिथंच अडकला. तिच्यावर काढता येईना, गिळता येईना. असा राग सगळ्यात वाईट, तो दिवसभर छातीत बसतो. मी स्कूटी काढली आणि घरच्या बरणीकडे धावले.

दारात रंगूमावशी उभ्या होत्या. अबोला संपला होता. ‘कोरडा दिवस हाय ना आज? तू कामावर जातेस, तुज्या घरात डास झाला तं लोका मला नावा ठेवतील. जीवनकडून चावी घेतली नि तुजी ती बरनी घासली. राखेनं. आता लोनच्याला घे तू ती.’ बरणी ओट्यावर चकाकत होती. मी खाली बसले आणि रडले. दुःखानं नाही, हे पुन्हा सांगते. ओरडायला समोर कोणी गुन्हेगारच नव्हता, म्हणून रडले. ज्याला त्याला आपलं काम चोख करायचं होतं, आणि उद्या मायक्रोस्कोप जाणार होता.

जीवननं घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि लग्नानंतरचा पहिला खरा प्रश्न विचारला. ‘पण तिनं ओतलं कुठं?’

सकाळी शाळा भरायच्या आधी मी प्रयोगशाळेच्या मागं गेले. भिंतीलगत एक खळगा होता. तळाला चिखल, वर वीतभर गढूळ पाणी. अर्ध्या खळग्यावर भिंतीची सावली आणि अर्ध्यावर कोवळं ऊन. आणि सावली संपून ऊन सुरू होतं त्या काठाला एक हिरवी रेघ होती. चिखलात फेकलेले माझे सगळे जीव पोहत, वळत, सौम्य उजेड शोधत तिथं येऊन जमले होते. मी साडी खोचून गुडघ्यांवर बसले आणि चमच्याने ती रेघ वाटीत भरायला लागले.

‘मॅडम!’ निमसे सर शाल आणि नारळ घेऊन उभे. ‘साहेब दहाला येतायत आणि तुम्ही चिखलात?’

‘सर, तुमचं स्वागत भरतेय,’ मी म्हटलं.

साहेब दहाला आले नाहीत. पोरं सकाळपासून प्रयोगशाळेबाहेर रांगेत उभी होती, कारण सरांनी रांग मोडू दिली नाही. जेवणाची सुट्टीही रांगेतच झाली. तीन वाजून गेल्यावर जीप आली. साहेब, त्यांचा कारकून आणि एक फोटोवाला. काचपेटीत पाणी थोडं होतं, पण कागद काढला तेव्हा फिकट का होईना, ‘स्वागत’ उमटलेलं होतं. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

पण फोटोवाल्याला उजेड कमी वाटला. त्यानं एक भला मोठा दिवा काढून काचपेटीवर रोखला. मग साहेब मधे, सर उजवीकडे, स्वागताला आलेले सरपंच डावीकडे. शाल झाली, नारळ झाला, गुच्छ दोनदा झाला, कारण पहिल्यांदा साहेबांचे डोळे मिटले होते. तो दिवा तोवर जळतच होता. मी ‘अहो, दिवा’ म्हणत होते, कोणी ऐकत नव्हतं. शेवटी साहेब काचेकडे वळले.

‘काय दाखवताय यात?’

सर वाकले. ‘यात स्वागत आहे सर. होतं. आत्ता होतं.’

‘मग गेलं कुठं?’

‘तुमच्या दिव्याला वैतागून गेलं!’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बाहेरची रांग दारात डोकावायला लागली. ‘बंद करा तो आधी! सकाळपासून पोरं ताटकळत उभी आहेत, ह्यांना पाच तास वाट बघायला लावलीत आणि आता मेंदू नसलेल्या जिवालासुद्धा तुमचा झगमगाट सोसेना!’ मी दिव्याची वायर उपटली. म्हशाच्या जत्रेतली घोंगडी, जी मी पेटी झाकायला आणली होती, ती पेटीवर टाकली. सर भिंतीला टेकून खाली सरकत होते. ‘आणि साहेब, बघायचंच असेल तर इथं खिडकीशी या. गप्प बसून बघा.’

साहेबांनी निमूटपणे लाल फीत कापली आणि डोळा लावला. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांचा डोळा नळीला चिकटूनच राहिला. मग हळूच म्हणाले, ‘हे वळतंय हो.’

‘खिडकी तिकडे आहे ना, म्हणून.’

‘कमाल आहे. अरे, इकडे या, बघा!’

मग कारकुनानं पाहिलं, सरपंचांनी पाहिलं, फोटोवाल्यानं पाहिलं. निमसे सरांनी उघडा ठेवायचा डोळा मिटून पाहिलं आणि उत्तम म्हणाले. साहेब हात चोळत उभे राहिले. ‘मॅडम, मानलं तुम्हाला. एवढ्या शाळा फिरलो, सगळीकडे गंजलेले डबे. हा एकच चालू स्थितीत आहे. कारकून, पेटीत घ्या हा. मध्यवर्ती प्रयोगशाळेला.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘साहेब, वापरात नसलेला न्यायचा होता ना?’

‘अहो, बंद पडलेला नेऊन मी काय करू? तिथं मोठी माणसं भेटीला येतात. चालणारा एक तरी पाहिजे.’

सरांनी टाळी वाजवली. ‘शाळेचं नाव झालं, मॅडम!’

कारकुनानं लाकडी पेटी उघडली. दारात रांगेच्या तोंडाशी रुपाली उभी होती. ती आत वाकून म्हणाली, ‘बाई, आमची पाळी?’

सगळे माझ्याकडे बघत होते. आता ही बाई काय काय फोडते, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं.  मी पुढे झाले, पेटीचं झाकण लावलं आणि त्या पेटीवर बसले.

‘न्या साहेब,’ मी म्हटलं. ‘आधी पोरं बघतील, मग न्या.’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ‘बघू दे. पाच मिनिटं.’

रुपाली स्टुलावर चढली. डोळा लावला आणि तशीच राहिली. ‘बाई, यो माज्याकडं येतोय!’ मग थोड्या वेळानं, ‘वळला बाई. गेला.’ मी तिला लवकर आटप म्हटलं नाही. मी कुणालाच म्हटलं नाही. दुसरा आला, त्याला दिसेना, मी आरसा फिरवून दिला. तिसरी म्हणाली, परत बघू का? मी म्हटलं, बघ की. कारकून म्हणायला लागला, ‘फास्ट, फास्ट. मॅडम, टाइम झाला.’ ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोरं बघत होती. माझ्याखाली पेटी होती आणि उठायची मला अजिबात घाई नव्हती.

सूर्य डोंगराआड गेला. खिडकी करडी झाली, आरसा विझला. रांग अजून व्हरांड्याच्या टोकापर्यंत होती.

‘मोबाइलचा दिवा लावा ना,’ साहेब म्हणाले आणि खिशात हात घातला.

‘लावा,’ मी म्हटलं. ‘पळून जातील ते.’

साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. ‘ठीक आहे. उरलेल्या मुलांचं झालं की सोमवारी पाठवून द्या,’ म्हणाले, आणि जीप गेली.

सोमवारी कारकुनाचा फोन आला. मी सांगितलं, सातवी झाली, सहावी राहिलीय. पुढच्या सोमवारी सांगितलं, सहावी झाली, पण आभाळ होतं, नीट दिसलं नाही, परत बघतायत. मग पाड्यावरच्या आया येऊन बघायला लागल्या. अंजूपण आली; बराच वेळ बघून म्हणाली, ‘ह्याच्यात डास नाय ना, मग राहू दे,’ आणि गेली. निमसे सर रोज किल्ली मागतात. मी देत नाही. वरून दोन स्मरणपत्रं आली, ती मी सरांच्या कपाटात ठेवली, तिथं वस्तू खराब होत नाहीत.

गेल्या आठवड्यात साहेबांनी स्वतः फोन केला. आवाज चढलेला होता. ‘मॅडम, तुमची ती मुलं संपणार कधी?’

‘साहेब, ही शाळा आहे,’ मी म्हटलं. ‘जूनला पाचवीचा नवा वर्ग येतोय.’

आणि फोन मी आपटला.